वाडी होती, उताऱ्यावर नव्हती



आवणी आटोपली. पावसाने जरा उसंत घेतली आहे आणि बांधाबांधावर माणसे खताची घमेली घेऊन उतरली आहेत. नारळी पौर्णिमा तोंडावर आली आहे. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर या दिवसांत घरोघर नारळ फुटतात आणि कोळीवाड्यांतून होड्या रंगवून दर्याची वाट बघत उभ्या असतात. अशा वेळी या सदरात मी एरवी भातावरच्या निळ्या भुंगेऱ्यांविषयी किंवा पोफळीवरच्या कोळेरोगाविषयी लिहितो. आज एका वेगळ्याच रोगाविषयी लिहिणार आहे. हा रोग झाडाला होत नाही, झाडाच्या कागदाला होतो. त्यावरचे औषध मात्र दुकानात मिळत नाही, ते घरातच करावे लागते.

मागच्या आठवड्यात अलिबाग तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत बसलो होतो. कचेरी आता ओळखू येत नाही. पूर्वी तेथे एक डुगडुगणारे लाकडी कपाट होते, त्यात लाल फडक्यात बांधलेली दप्तरे होती आणि दप्तरांत वाळवी होती. आता टेबलावर संगणक आहे, शेजारी छापणारे यंत्र आहे आणि एक चुणचुणीत मुलगी दाखले काढून देत आहे. घरपट्टीची पावतीसुद्धा यंत्रातून निघते. तेवढ्यात एक ओळखीचे बागायतदार आले. त्यांना म्हटले, "दादा, यंदाची पीक पाहणी लावली का?" ते हसले. म्हणाले, "साहेब, आता सगळं ऑनलाईन झालंय. आपल्याला काय बघायचंच उरलं नाय. होतंय आपोआप."

"होतंय आपोआप" हे शब्द ऐकले आणि माझा चहा कडू झाला. कारण हेच शब्द काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका म्हाताऱ्या बाईला सांगितले होते. त्याची किंमत मला नाही, तिला मोजावी लागली. ती हकीगत आज सांगतो.

आजींची ट्रंक

साल 2018. श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावात पोफळीची फळगळ फार झाली म्हणून मी वाड्या बघत फिरत होतो. एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, हा हिशेब सांगत सांगत एका आजींच्या वाडीत शिरलो. बारा गुंठ्यांची वाडी. पोफळी दीडशेच्या वर, नारळ चौदा. पाटाचे पाणी आळ्याआळ्यातून फिरवलेले, पालापाचोळा आळ्यातच कुजवलेला. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती, मुलगा मुंबईला. वाडी आजींनी एकटीने राखलेली.

निघताना आजी म्हणाल्या, "साहेब, थांबा जरा. एक कागद वाचून दाखवा. मला अक्षर येत नाय." त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत सात-बाराचा उतारा होता. मी वाचला. वरच्या भागात, म्हणजे गाव नमुना सातमध्ये, त्यांच्या सासऱ्यांचे नाव. सासरे वारून तीसेक वर्षे झालेली. खालच्या भागात, म्हणजे गाव नमुना बारामध्ये, पीक लिहिले होते भात. पोफळीचे नाव नाही, नारळाचे नाव नाही.

मी आजींना ते सांगितले. त्या घाबरल्या. म्हणाल्या, "म्हणजे माझी वाडी कागदावर नायच?" आणि मी, कृषी पदवीधर, नोकरीची पंचवीस वर्षे झालेला माणूस, घड्याळाकडे बघत म्हणालो, "तसं काही नाही आजी. आता सगळे उतारे संगणकावर चढतायत. चढताना होईल आपोआप नीट." मला पुढच्या गावची बैठक गाठायची होती.

पुढे 3 जून 2020 उजाडला. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. त्या दिवशी काय झाले ते किनाऱ्यावरच्या वाचकांना सांगायला नको. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, अलिबाग या पट्ट्यात पिढ्यांनी वाढवलेल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळी मधोमध काडीसारख्या मोडल्या. घरांची कौले, पत्रे, विजेचे खांब, सगळे एकाच ढिगात. कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती.

तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे मिळून पंचनामे करीत होते. आम्हीही वाडीवाडीतून फिरत होतो. आजींच्या वाडीत पोहोचलो तेव्हा आत शिरायला वाट नव्हती. आजी एका पडलेल्या नारळावर बसल्या होत्या. आम्ही झाडे मोजली. एकशे साठ पोफळी आणि चौदाच्या चौदा नारळ.

आता हिशेब बघा. सरकारने फळबागांची मदत आधी हेक्टरी 50 हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अशी जाहीर केली होती. देशावर जिथे शेतकऱ्याची बाग एक-दोन हेक्टरांची असते, तिथे हा हिशेब ठीक. आमच्या किनाऱ्यावर वाडी गुंठ्यांत मोजतात. बारा गुंठे म्हणजे हेक्टराचा आठवा भागही नाही. आजींच्या वाट्याला सहा हजार रुपये आले असते. लोकांनी आणि लोकप्रतिनिधींनी ही गोष्ट मांडली, तेव्हा झाडागणिक मदतीचा निर्णय झाला: पोफळीला 50 रुपये, नारळाला 250 रुपये. त्या हिशेबाने एकशे साठ पोफळींचे आठ हजार आणि चौदा नारळांचे साडेतीन हजार, मिळून साडेअकरा हजार. झाडाच्या मोलापुढे ही रक्कम काहीच नाही, पण सहा हजारांच्या जवळजवळ दुप्पट आहे.

जागेवर झाडे पडलेली दिसत होती, म्हणून पंचनाम्यात ती आली. पण पैसे द्यायचे कोणाला? उताऱ्यावर नाव सासऱ्यांचे. मयताच्या खात्यात पैसे कसे जमा होणार? वारस शोधले तर सतरा निघाले. काही लालबागला, काही सुरतेला, एक आखातात. प्रत्येकाचे संमतिपत्र हवे. दोघांनी सही करायला नकार दिला, "आमचा वाटा आधी सांगा" म्हणाले. ज्यांनी त्या वाडीत कधी एक घागर पाणी ओतले नव्हते, त्यांना त्या दिवशी वाडी आठवली. पुढचा उन्हाळा आला तेव्हा आजींच्या हातात काही रक्कम पडली, तीही निम्म्याहून कमी.

2018 सालच्या त्या दुपारी मी अर्धा तास बसलो असतो, वारस नोंदीचा अर्ज लिहून दिला असता, तर? हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारतो. म्हणून आज हा लेख.

यंत्र वाचते, बघत नाही

बंधु-भगिनींनो, मी यंत्राविरुद्ध बोलत नाही. "सरकारी काम अन् सहा महिने थांब" ही म्हण आपण ज्या दिवसांत शिकलो, ते दिवस मी पाहिले आहेत. तलाठी भाऊसाहेबांकडे चार-पाच गावांचा सजा. ते आज कुठल्या गावी भेटतील हे कोणी सांगू शकत नसे. उताऱ्यासाठी माणूस तीन खेपा घाली, मजुरी बुडवी आणि वर चहापाणी करी.

ते पुष्कळ बदलले आहे. 2011 साली ग्रामपंचायतींत संगणक आणणारा संग्राम प्रकल्प सुरू झाला. त्याच्या जागी 2016 पासून आपले सरकार सेवा केंद्रे आली. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा मिळू लागला. पंधरा रुपये भरले की घरबसल्या निघतो, त्यावर कोणाची सही-शिक्का आणायला जावे लागत नाही. नुसता बघायचा असेल तर महाभूलेखवर फुकट दिसतो, मात्र तो कामकाजाला चालत नाही. वारस नोंदीसारखे अर्जही ई-हक्क प्रणालीतून ऑनलाईन देता येतात. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले आणि ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले, हा बदल 2024 सालचा. आपण मात्र अजून भाऊसाहेबच म्हणतो, त्याला हरकत नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. जुन्या दप्तरात जे लिहिले होते, तेच संगणकात चढले. दप्तरात भात होते, संगणकातही भातच आले. दप्तरात सासऱ्यांचे नाव होते, संगणकातही तेच आले. फरक इतकाच की पूर्वीची चूक वेड्यावाकड्या अक्षरात होती, आता ती स्वच्छ छापील अक्षरात निघते आणि म्हणून जास्त खरी वाटते. यंत्राला वाचता येते, पण तुमच्या वाडीत येऊन बघता येत नाही. बघायचे काम माणसाचेच.

आणि हे काम आता कायद्याने आणि व्यवहाराने तुमच्याकडे आले आहे. 15 ऑगस्ट 2021 रोजी राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी पीक पाहणीला तलाठी शेतावर यायचे, निदान यायला हवे होते. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाईलमधून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. पूर्वी चूक झाली तर आपण भाऊसाहेबांना नावे ठेवीत होतो. आता नोंद राहिली तर नावे कोणाला ठेवणार?

आमच्या जिल्ह्यातल्या लोकांनी तर कागदाची किंमत कोणाकडून शिकायची गरज नाही. अलिबाग तालुक्यातले चरी गाव आठवा. 1933 साली चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली संप केला. खोतांची जमीन कसायची नाही, असा तो संप. 1939 पर्यंत, म्हणजे सहा वर्षे, तो चालला. लोकांनी जंगलातली लाकडे विकून, खाडीतली मासळी धरून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या लढ्याला पाठबळ दिले. पुढे कुळकायदे आले आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. कसणाऱ्याच्या हक्काला कागदावर जागा मिळावी म्हणून आपल्या आजा-पणज्यांनी उपाशी राहून वाट पाहिली. आज तीच जागा भरायला अर्धा तास पुरतो, आणि आपण म्हणतो, होतंय आपोआप!

आता करायचे काय?

पहिले काम: उतारा काढा आणि घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. सात-बारा आणि आठ-अ, दोन्ही. 2017 साली गावोगाव चावडी वाचन झाले, संगणकातले उतारे लोकांसमोर वाचून दाखवले गेले. मी ज्या वाचनाला हजर होतो, तिथे आम्ही मोजून अकरा माणसे होतो. तेव्हा जे चावडीवर राहिले, ते आता घरच्या ओटीवर करा. चार गोष्टी तपासा: नाव कोणाचे आहे, क्षेत्र बरोबर आहे का, इतर हक्कात जुन्या सोसायटीचा फिटलेला बोजा तर राहिला नाही ना, आणि पीक कोणते लिहिले आहे.

दुसरे काम: मयताचे नाव असेल तर वारस नोंद करा. कायद्याप्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत कळवायचे असते. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे आणि प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज द्यावा. नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. मुंबईची भावकी गणपतीला गावी येते, तेव्हाच सगळ्यांना एकत्र बसवा. आरती झाल्यावर अर्धा तास. भांडणे व्हायची असतील तर ती वादळाआधी होऊ द्या, वादळानंतर होऊ देऊ नका. सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटपाचाही अर्ज करता येतो. नुसती लिहिण्यातली चूक असेल, म्हणजे नावात काना-मात्रा किंवा क्षेत्रात आकडा, तर कलम 155 खाली दुरुस्ती होते.

तिसरे काम: ई-पीक पाहणी. खरिपाची मुदत दरवर्षी जाहीर होते, ती साधारण ऑगस्टपासून सुरू होते. तिच्या शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, त्या दिवशी सगळा महाराष्ट्र एकाच दारात उभा असतो. 2024 च्या रब्बीपासून नव्या पद्धतीत फोटो तुमच्या गटाच्या आत किंवा 50 मीटरांच्या अंतरात उभे राहूनच काढावा लागतो. तेव्हा मुंबईच्या खोलीत बसून मुलगा वाडीची नोंद करील, ही आशा सोडा. वाडीवाल्यांनी नारळ आणि पोफळ मिश्र पीक म्हणून दोन्ही नोंदवावीत. बांधावरच्या झाडांनाही तिथे वेगळी जागा आहे. आंबा, फणस, नारळ, जे असेल ते लिहा. सामाईक खाते असेल तर प्रत्येकाने आपल्या वहिवाटीच्या क्षेत्रापुरती नोंद करावी. चूक झाली तर 48 तासांच्या आत स्वतःच दुरुस्त करता येते. ज्यांची नोंद राहते त्यांच्यासाठी गावात सहायक नेमलेला असतो, त्याचे नाव ग्रामपंचायतीत विचारून ठेवा.

खारपट्ट्यातल्या मंडळींनाही सांगायचे आहे. बांधाला खांड पडून खारे पाणी शिरलेली जमीन तशीच पडून असेल, तर ती पड म्हणून नोंदवा. वर्षानुवर्षे तिथे भात लागत राहिले, तर उद्या नुकसान सांगायला तोंड राहत नाही. पांढरा कांदा करणाऱ्यांनी भात कापले की विसरू नये, रब्बीची नोंद वेगळी करायची असते. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, मग आपल्या उताऱ्यावर कांद्याचे नाव नको का?

चौथे काम: शेतकरी ओळख क्रमांक. शेतीच्या योजनांसाठी तो 15 एप्रिल 2025 पासून सक्तीचा झाला आहे. तो आधार आणि सात-बारा जोडून निघतो. मयताच्या नावावर तो निघत नाही, हे उघडच आहे. म्हणजे पुन्हा गाडी वारस नोंदीवरच येऊन थांबते.

पाचवे काम भगिनींसाठी, आणि खरे तर भावांसाठी. वाडीत पाणी कोण फिरवते? सुपाऱ्या कोण सोलते? उताऱ्यावर मात्र तिचे नाव नवरा गेल्यावरच येते, तेही सतराजणांच्या रांगेत. पत्नीचे नाव सात-बाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची लक्ष्मी मुक्ती योजना 1992 सालापासून आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर घर दोघांच्या नावे लावता येते. जो हे जिवंतपणी करतो, त्याच्या बायकोला पुढे संमतिपत्रे गोळा करीत फिरावे लागत नाही.

तुमच्या तक्रारी खऱ्या आहेत

हे वाचून काहीजण म्हणतील, साहेब, कचेरीत बसून लिहिणे सोपे आहे. आमच्या वाडीत डोंगराच्या आड मोबाईलला एक काडीसुद्धा येत नाही. केंद्रावर गेलो तर सर्व्हर बंद. म्हातारा-म्हातारी दोघेच घरी, साधा फोन, त्यात फोटो निघत नाही. आधारला जोडलेला नंबर जुना, तो मुलगा घेऊन गेला.

हे सगळे खरे आहे आणि मी रोज बघतो. वादळात तर सगळेच यंत्र मुके झाले होते. तेव्हा कामाला आला तो ट्रंकेतला कागदच. म्हणून वर्षातून एकदा उतारा छापून ठेवा. आपल्या वाडवडिलांची तारेत कागद ओवून ठेवायची सवय चांगली होती, ती मोडू नका.

पण तक्रारीवर थांबू नका. ग्रामसभेत उभे राहा आणि तीन गोष्टी मागा. एक, केंद्रावर कोणत्या दाखल्याला किती पैसे आणि किती दिवस, याचा फलक ठळक लावा. दोन, पीक पाहणीच्या दिवसांत प्रत्येक वाडी-वस्तीवर एक दिवस ठरवून माणूस पाठवा. तीन, रेंज नसलेल्या भागाची यादी करून तहसीलला कळवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 सालापासून आहे. नमुना 8 चा उतारा, जन्म-मृत्यूचा दाखला, येणे-बाकी नसल्याचा दाखला, अशा सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. अर्जाची पोच घ्या. नाकारले तर कारण लेखी मागा. 30 दिवसांत अपील करता येते. पोच नसेल तर तुमचा अर्ज वाऱ्यावर गेला असे समजा.

एक सावधगिरीही सांगून ठेवतो. शेतकरी योजनेचे पैसे अडकले आहेत, ही फाईल उघडा, असा निरोप मोबाईलवर आला तर ती फाईल उघडू नका. त्यातून बँकेचे खाते साफ होते. मोबाईलवर आलेला गुप्त आकडा कोणालाही सांगू नका, अगदी "मी कृषी खात्यातून बोलतोय" म्हणणाऱ्यालासुद्धा नाही. आमच्या खात्याला तो आकडा लागत नाही.

यंत्र आणि माणूस यांची जोड नीट बसली तर काय होते, तेही पाहिले आहे. मुरूडकडच्या एका गावात बचत गटाच्या बायकांनी ठरवले की ज्यांच्याकडे चांगला फोन नाही त्यांच्या नोंदी आपण करून द्यायच्या. बारावीला असलेल्या दोन मुलींना पुढे केले. त्या सकाळी वाड्यांतून फिरल्या, रेंज मिळेल तिथे टेकडीवर जाऊन नोंदी पाठवल्या. चार दिवसांत त्यांच्या आळीतले काम संपले. कोणी त्यांना शहाळे दिले, कोणी दोन पोफळीची रोपे.

शेवटी आजींचे काय झाले ते सांगतो. पैशाचे झाले ते झाले, पण त्यानंतर मी त्यांच्या वारस नोंदीच्या मागे लागलो. दोन गणपती गेले. भावकीला एका ओटीवर बसवायला तेवढा वेळ लागलाच. अखेर नोंद झाली आणि वाटपही झाले. पंधरा रुपयांचा उतारा छापून मी स्वतः त्यांच्याकडे घेऊन गेलो. आजींनी चष्मा लावला, खरे तर अक्षर येत नाही तरी लावला. म्हणाल्या, "कुठाय माझं नाव? बोट ठेवा." मी बोट ठेवले. त्या बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि पोफळी?" मी खालच्या भागात बोट ठेवले. पोफळ होती, नारळही होता. नात गावी आली होती, तिने फोटो काढून नोंद केली होती.

वादळानंतर आजींनी लावलेल्या पोफळी आता हळूहळू पोय टाकू लागल्या आहेत. वाडी पहिल्यासारखी दाट व्हायला अजून वर्षे लागतील. पण या वेळी ती उताऱ्यावरही उभी आहे.

तुमची वाडी कुठे उभी आहे, ते आज संध्याकाळी दिवेलागणीला उतारा काढून बघा. पुढच्या अंकात पोफळीवरच्या कोळेरोगाची दुसरी फवारणी कधी आणि कशी करायची, ते बोलू.

तोपर्यंत रामराम.